कासवाचा श्वास, आपला श्वास

लक्षद्वीपच्या लगूनमध्ये स्नॉर्कलिंगसाठी उतरलेला पर्यटक आणि त्याच्या खाली सात-आठ फुटांवर निवांत गवत चरणारं हिरवं समुद्री कासव, यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही कल्ले नाहीत. दोघंही फुफ्फुसांनी श्वास घेतात आणि त्यासाठी लागणारी हवा दोघांना पाण्याच्या वरच मिळते. या भेटीत काही बिघडलंच, तर ते बहुतेक वेळा श्वासापाशी येऊन बिघडतं. माणसाला दम लागतो आणि ते शेजारच्याच्या लक्षात येत नाही. कासवाला वर यायचं असतं आणि वर माणसांनी कोंडाळं केलेलं असतं.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो सगळीकडे झळकले. त्यात त्यांनी स्वतः स्नॉर्कलिंग केल्याचेही होते. तेव्हापासून या बेटांबद्दल चौकशी वाढली आहे. परवाना काढायचा, कोचीहून विमानाने किंवा जहाजाने जायचं आणि अगत्ती, बंगारम, कदमत, कावारत्ती यांपैकी एखाद्या बेटावर मुक्काम करून लहान नावेतून लगूनमध्ये फेरी मारायची, असा साधारण कार्यक्रम असतो. ‘कासवांसोबत पोहा’ हे त्यातलं मोठं आकर्षण. अशी सहल सहा-आठ जणांची असावी की पंचवीस-तीस जणांची, हा प्रश्न बहुतेकांना फक्त पैशांचा वाटतो. लहान गटाला माणशी जास्त पैसे पडतात हे खरंच आहे. पण गटाच्या आकाराचा संबंध तुमच्या हृदयाशी, फुफ्फुसांशी आणि खालच्या कासवाच्या पोटापाण्याशीही आहे.

नळीतून श्वास घेताना

स्नॉर्कलिंग सोपं दिसतं. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, पायात फिन्स आणि अंगावर लाइफ जॅकेट. पोहता येत नसलं तरी चालेल, असं नाववालाही सांगतो. स्कूबासारखी टाकी नाही, प्रशिक्षण नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र नाही. त्यामुळे ‘स्कूबा तरुणांसाठी, आम्ही आपलं स्नॉर्कलिंग करू’ असं म्हणणारे साठीचे काका-काकू प्रत्येक सहलीत असतात. खरं तर शरीरावर या खेळाचा ताण वाटतो तितका कमी नसतो.

जुन्या सिनेमांत शत्रूपासून लपणारा नायक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी बसलेला दाखवतात. पुरुषभर पाण्यात हे शक्य नाही. पाणी छातीवर बाहेरून दाब देत असतं आणि नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाचीच असते. छाती फुगवायची तर श्वासाच्या स्नायूंना पाण्याचा दाब मागे ढकलावा लागतो, आणि खोली वाढली की हे काम त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. म्हणून तर स्नॉर्कलची नळी हातभरच लांब असते. स्नॉर्कलिंगमध्ये पालथं तरंगताना छाती जेमतेम वीतभर पाण्याखाली असते, त्यामुळे हा ताण जाणवत नाही. पण तो असतो, आणि प्रत्येक श्वासाला असतो.

दुसरी गोष्ट शिळ्या हवेची. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. त्यातली सुमारे दीडशे मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका अशा वाटेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. स्नॉर्कल लावली की ही वाट आणखी लांबते. नळीत उरलेली उच्छ्वासाची हवा पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत येते. संथ, खोल श्वास घेणाऱ्याला याने फरक पडत नाही. पण घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. मग आत जाणाऱ्या हवेत शिळीचा वाटा वाढत जातो, गुदमरल्यासारखं होतं, माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी उथळ होतो.

तिसरी गोष्ट बाहेरून अजिबात दिसत नाही. माणूस पाण्यात शिरला की पायांतलं आणि कातडीखालचं रक्त पाण्याच्या दाबाने छातीकडे सरकतं. ते थोडंथोडकं नसतं, अर्धा-पाऊण लिटर असतं. निरोगी हृदय ते सहज सांभाळतं. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीची भावना होते, तीही यामुळेच. छातीत रक्त वाढल्याने शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पण वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हृदयाचा स्नायू ताठर झालेला असेल, तर हे वाढीव रक्त त्याला जड जातं. त्यात नळीतून जोर लावून हवा ओढावी लागली की छातीतला दाब आणखी उतरतो. अशा वेळी केशवाहिन्यांतला द्राव वायुकोशांत झिरपू शकतो. बाहेरचं पाणी नाकातोंडात न जाता फुफ्फुसं आतूनच ओली होऊ लागतात.

ही शक्यता गंभीरपणे मांडली ती हवाईतल्या डॉक्टरांनी. हवाईत पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. त्यांतले बरेच जण पन्नाशी ओलांडलेले, पोहता येणारे आणि शांत पाण्यात उतरलेले असतात. मग ते बुडतात कसे? हवाई राज्याच्या आरोग्य विभागाच्या पाठबळाने झालेल्या स्नॉर्कल सुरक्षा अभ्यासात, वाचलेल्या लोकांचे अनुभव गोळा केले गेले आणि निरनिराळ्या नळ्यांमधून हवा ओढताना किती अडथळा होतो हेही मोजलं गेलं. बऱ्याच जणांनी सांगितलं की पाणी प्यायलं गेलंच नव्हतं. आधी दम लागला, मग हातापायांतलं बळ गेलं, आणि हे सगळं काही मिनिटांत झालं. नळीचा अडथळा, आधीपासून असलेला हृदयाचा आजार आणि जास्तीचे श्रम ही तीन कारणं अभ्यासकांनी पुढे ठेवली. श्रम कशाचे, तर प्रवाहाविरुद्ध पाय मारण्याचे किंवा गटाला गाठण्याचे. आणि कासवाच्या मागे लागण्याचेही, हे मी माझ्याकडून जोडतो.

अशा वेळी आरडाओरडा होत नाही, हात हलत नाहीत. स्नॉर्कल लावून पालथा तरंगणारा खूश माणूस आणि शुद्ध हरपत चाललेला माणूस नावेतून अगदी सारखे दिसतात. पंचवीस जणांच्या गटात एक मार्गदर्शक पुढे कासव दाखवत असतो. त्याने मागे वळून पाहिलं तरी त्याला पंचवीस पाठी दिसतात. सहा जण असतील तर तो डोकी मोजू शकतो, कोण मागे पडलं हे त्याला कळतं, आणि गटाची गती सगळ्यांत हळू माणसाप्रमाणे ठेवता येते. लहान गटाचा सगळ्यांत मोठा वैद्यकीय फायदा हाच.

पाण्यात दम लागल्यासारखं वाटलं तर करायचं ते सोपं आहे, फक्त आधीपासून ठरलेलं असावं. पाय मारणं थांबवायचं. नळी तोंडातून काढायची. उताणं व्हायचं, हात वर करून हाक मारायची आणि पाण्याबाहेर यायचं. ‘पाच मिनिटांत बरं वाटेल, तोवर तरंगत राहू’ हा विचार धोक्याचा. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कमध्ये नळी झटकन थुंकून टाकता येत नाही, पट्ट्यांसकट अख्खा मास्क काढावा लागतो. नवख्यांनी साधा मास्क आणि साधी नळी घ्यावी असं माझं मत आहे. रक्तदाब, मधुमेह, आधीची अँजिओप्लास्टी किंवा जिना चढताना लागणारी धाप, यांपैकी काही असेल तर तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘स्नॉर्कलिंग करणार आहे’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘फिरायला जातोय’ म्हटलं तर ते हवामान विचारतील आणि गोळ्या लिहून देतील.

हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. या बेटांवर दवाखाने आहेत, पण गंभीर रुग्णाला हलवायची वेळ आली तर त्याला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं. मध्ये काहीशे किलोमीटर समुद्र आहे. शहरात बसून कल्पना केलेली ‘जवळच्या रुग्णालयात नेऊ’ ही सोय तिथे नाही. आपल्या गावच्या तलावात चार दिवस मास्क-नळीचा सराव करून जाणं हा स्वस्त विमा आहे. तोंडाने श्वास घ्यायची सवय लागायला चार दिवस पुरतात, आणि पहिल्यांदा नळीत पाणी शिरल्यावर होणारी धांदल कंबरभर पाण्यात झालेली बरी.

कासव किती वेळ थांबेल?

आता खालच्या पाहुण्याकडे, किंबहुना यजमानाकडे वळू. कोकणातल्या वाचकाला ‘समुद्री कासव’ म्हटलं की वेळास, आंजर्ले, गुहागर आठवतं. रात्री वाळूत अंडी घालून जाणारी मादी आणि पहाटे समुद्राकडे सोडली जाणारी पिल्लं. ती ऑलिव्ह रिडले. खेकडे, शिंपले, कोळंबी, जेलीफिश असं खाणारी आणि आयुष्याचा बराच भाग खोल समुद्रात काढणारी. लगूनमध्ये दिसणारं कासव वेगळं. त्याला हिरवं कासव म्हणतात ते पाठीच्या रंगावरून नव्हे, आतल्या चरबीच्या रंगावरून. पूर्ण वाढलेलं हिरवं कासव मीटरभर किंवा त्याहून लांब भरतं, वजन शंभर किलोच्या पुढे सहज जातं, आणि ते मुख्यतः शाकाहारी असतं. समुद्री गवत आणि शेवाळ हे त्याचं अन्न. जमिनीवरच्या कासवासारखं डोकं आणि पाय आत ओढून घेणं त्याला जमत नाही. वयात यायला त्याला वीस वर्षं लागतात, कधी चाळीससुद्धा. तुमच्यासमोर चरणारं कासव कदाचित तुमच्या नावाड्यापेक्षा वयाने मोठं असेल.

चरताना ते काही मिनिटांनी वर येतं. डोकं बाहेर काढून जोरात उच्छ्वास सोडतं, लगेच श्वास भरून घेतं, आणि एक-दोन सेकंदांत पुन्हा खाली. एवढ्या थोड्या वेळात फुफ्फुसांतली बरीचशी हवा बदलून घ्यायची कला त्याच्याकडे आहे. एखाद्या कपारीत झोपलं तर हेच कासव तासन्‌तास वर न येता राहू शकतं. यावरून काही पर्यटकांना वाटतं, ‘मग दोन मिनिटं थांबायला त्याचं काय जातं?’ पण झोपलेल्या कासवाचा आणि चरणाऱ्या कासवाचा हिशोब वेगळा. झोपेत प्राणवायू अगदी कमी लागतो. चरताना, त्यातही पळताना, तो भराभर संपतो. वर यायच्या वाटेवर आठ-दहा जण पाय मारत असले की ते वळतं, दूर जाऊन वर येतं, आणि परत आपल्या चरण्याच्या जागी येईलच असं नाही. एका गटाने एकदा हे केलं तर फारसं बिघडत नाही. पण तेच कासव, तोच गवताचा तुकडा, आणि सकाळपासून एकामागून एक येणाऱ्या पाच नावा असतील, तर त्याच्या जेवणाच्या वेळेतला किती वेळ उरला याचा विचार करून बघा.

यावरचे नियम जगभर साधारण सारखे आहेत. हवाईत सरकारी यंत्रणा कासवापासून दहा फूट अंतर ठेवायला सांगते, पाण्यातही आणि किनाऱ्यावरही. मेक्सिकोच्या आकुमाल उपसागराचं उदाहरण बोलकं आहे. माया भाषेत या नावाचा अर्थच कासवांची जागा. किनाऱ्यालगत चरणाऱ्या हिरव्या कासवांमुळे तिथे इतकी गर्दी उसळली, की २०१६ मध्ये सरकारला तो उपसागर संरक्षित आश्रयक्षेत्र जाहीर करून, मार्गदर्शकासह मर्यादित गटांनीच पाण्यात उतरण्याची पद्धत आणावी लागली. मार्गदर्शक, लहान गट आणि लाइफ जॅकेट ही तिन्ही बंधनं तिथे एकत्र आली. लाइफ जॅकेटमुळे माणूस वरच राहतो आणि डुबकी मारून कासवाला हात लावायला जात नाही. एकाच वस्तूने माणूस आणि कासव दोघंही सुरक्षित.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवं आहेत. वाघाला जे कायदेशीर संरक्षण आहे, तेच त्यांना. त्यांना पकडून फोटो काढणं ही गंमत नाही, गुन्हा आहे. खाऊ घालून जवळ बोलावणंही नको. जिथे पर्यटक कासवांना मासे किंवा माकूळ खाऊ घालतात, तिथे ती नावेच्या आवाजाकडे येऊ लागतात, आणि नावेकडे येणारं कासव पंख्याकडेही येतं.

नावेच्या वेगाबद्दल एक जुना पण नेमका अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोरटन उपसागरात संशोधकांनी उथळ पाण्यात हिरव्या कासवांजवळून वेगवेगळ्या वेगाने नाव चालवून पाहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: नाव ताशी ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने आली, तर ६० टक्के वेळा कासवं बाजूला झाली. ताशी ११ किलोमीटरला हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं आणि ताशी १९ किलोमीटरला अवघ्या ४ टक्क्यांवर. ताशी १९ म्हणजे सायकलीचा वेग. मोटारबोटीसाठी हा काही वेग नव्हे. ‘आवाज आला की कासव आपोआप सरकतं’ हा समज त्यामुळे सोडून द्यायला हवा. धोका टाळायचा तर तो नावाड्यानेच टाळायचा असतो. दिवसभरात जास्त गट उरकायचे असलेल्या माणसाला ताशी चार किलोमीटरने जाणं परवडत नाही, हेही ओघाने आलंच.

सनस्क्रीनबद्दल नेहमी विचारलं जातं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाईने २०२१ पासून बंदी घातली, कारण प्रयोगशाळेत या रसायनांनी प्रवाळांना इजा होते असं दिसलं होतं. प्रत्यक्ष समुद्रात त्यांचा परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. प्रवाळांना खरा फटका बसतो तो समुद्र तापण्याचा. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि अलीकडे २०२४ मध्ये तो सोसला आहे. पण हा वाद सुटायची वाट बघायचं कारण नाही. पालथं तरंगताना उन्हाने भाजते ती मान, पाठ आणि पोटऱ्यांचा मागचा भाग. पाणी गार लागत असल्याने ते संध्याकाळपर्यंत कळतही नाही. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा शर्ट आणि लांब पँट घातली की अर्धी बाटली सनस्क्रीन वाचते आणि रात्री पाठीवर कोरफड चोळत बसावं लागत नाही.

खालचं गवतही बघा

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही देशातल्या कासव-सहलीला लागू पडते. लक्षद्वीपची गोष्ट मात्र इथून पुढे वेगळी आहे.

एके काळी या बेटांवर कासवांची शिकार व्हायची. त्यांची चरबी उकळून काढलेलं तेल लाकडी होड्यांना लावत, म्हणजे लाकूड टिकायचं. १९७२ च्या कायद्यानंतर हे हळूहळू थांबलं. दुसरीकडे मोठ्या कासवांना खाऊ शकणारे टायगर शार्कसारखे शिकारी मासे, मासेमारीमुळे जगभर कमी होत गेले. परिणाम असा, की या शतकाच्या सुरुवातीला अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची गर्दी झाली. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक तिथे बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांनी मोजमाप केल्यावर लक्षात आलं, की गवताची जी काही नवी वाढ होते, तिचा फार मोठा हिस्सा कासवंच फस्त करत आहेत. गवताची पाती आखूड झाली, मग विरळ झाली आणि शेवटी मागे उघडी वाळू उरली.

अगत्तीचं कुरण संपल्यावर कासवं उपाशी बसली नाहीत. ती दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे गेली, आणि तिथेही हेच घडलं. एकामागून एक बेटांवरची गवताची कुरणं निकामी होत गेल्याचं या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. असंच काहीसं बर्म्युडात आणि इंडोनेशियातल्या देरावान बेटांवरही नोंदलं गेलं आहे.

समुद्री गवत म्हणजे नुसता कासवांचा चारा नव्हे. त्याच्या पात्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात आणि मुळं वाळू धरून ठेवतात. अगत्तीचे मच्छीमार बरीच वर्षं तक्रार करत होते, की कासवं जाळी फाडतात आणि लगूनमधले मासेही त्यांच्यामुळेच कमी झाले. शहरातल्या निसर्गप्रेमीला अशी तक्रार ऐकली की आधी राग येतो. पण संशोधकांनी ती तपासून पाहिली, तेव्हा तिच्यात तथ्य निघालं. जास्त चरलेल्या कुरणांत मासे खरोखरच कमी होते. मच्छीमारांना माशांचं गणित आपल्यापेक्षा बरं कळतं, यात नवल ते काय!

ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हिरव्या कासवाला ‘धोक्यात असलेल्या’ प्रजातींच्या यादीतून काढून ‘फारशी चिंता नसलेल्या’ गटात टाकलं. जगातली त्यांची संख्या १९७० च्या दशकापासून सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज आहे. इतकी वर्षं राबणाऱ्यांसाठी ही आनंदाचीच बातमी. पण लक्षद्वीपमध्ये ‘एका फेरीत दहा कासवं दिसली’ याचा अर्थ लगून धष्टपुष्ट आहे असा लगेच काढता येत नाही. कधी कधी तो नेमका उलटा असतो. थोड्या उरलेल्या गवतावर पुष्कळ तोंडं जमलेली असतात, आणि तिथल्या कासवाला हुसकावून लावणं म्हणजे त्याला आणखी रिकाम्या जागी पाठवणं.

इथे नावाड्याची बाजूही बघायला हवी. लक्षद्वीपची मुख्य मासेमारी ट्युनाची. लगूनमधली किरकोळ मासळी ही घरच्या जेवणाची आणि जोडउत्पन्नाची. ती घटली तर ज्या कासवाचा राग यायचा, त्याच कासवाने आता पर्यटकांच्या रूपाने पैसे आणले तर तो राग निवळू शकतो. त्यासाठी पैसा गावातल्या लहान नावेच्या मालकाकडे जायला हवा. बाहेरून आणलेल्या मोठ्या बोटीतून तीस माणसं उतरली, तर जाळं फाटतं एकाचं आणि कमाई होते दुसऱ्याची. लहान गटाच्या सहलीला माझा कौल आहे तो याही कारणाने.

फोनवर चौकशी करताना दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. पाण्यात किती जण एका वेळी असतील? त्यांच्यासोबत पाण्यात कोण असेल? आणि सगळे पाण्यात असताना नावेवर कोण बघत बसेल? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर दुसरा नंबर लावा. भरती-ओहोटी बघूनच तो वेळ देत असेल, म्हणजे लगूनमध्ये पुरेसं पाणी असताना, तर माणूस जाणता आहे असं समजायला हरकत नाही. ओहोटीला उथळ पाण्यात फिन्सचे फटके प्रवाळांना बसतात आणि गुडघेही खरचटतात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत हंगाम असतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे सगळं बंद.

आणि एकदा पाण्यात उतरलात की कासवाकडे पोहत जाऊ नका. त्याच्या बाजूला, वरच्या मार्गात न येता, अंतर राखून नुसतं तरंगत राहा. न घाबरलेलं कासव चरत चरत अनेकदा स्वतःच जवळून जातं. तो वेळ खाली बघण्यात घालवा. पाती बोटभर लांब आहेत, की हिरवळ कापायच्या यंत्राने भादरल्यासारखी आहेत, की मुळंच उघडी पडली आहेत? परत नावेत चढल्यावर नावाड्याला विचारा, दहा वर्षांपूर्वी इथे गवत कुठवर होतं. तो हात करून दाखवेल.